'जीपीएस चुकतोय' म्हणण्याआधी तो किती चुकतोय ते मोजा

आमच्या ट्रेकच्या ग्रुपमधले बहुतेक हातातले जीपीएस कधी ना कधी माझ्या घरी मुक्कामाला आलेले आहेत. तक्रार ठरलेली असते: "ताई, हा परत चुकला. मागच्या ट्रेकलाही असंच झालं होतं." मग मी विचारते, किती चुकला? कधी चुकला? सुरुवातीला की मध्येच? या प्रश्नांवर बहुतेक जण गप्प होतात. खरं तर दुरुस्तीची सुरुवात तिथूनच होते. चाळीस किलोमीटरची चूक, सहाशे मीटरची चूक आणि शंभर मीटरची चूक या तीन वेगवेगळ्या चुका आहेत. तिघींची कारणंही वेगळी, उपायही वेगळे. म्हणून उपकरण रीसेट करण्याआधी, विकायला काढण्याआधी, चुकीचं माप घ्या.

माप घ्यायला अवघड काही नाही. घराच्या गच्चीवर किंवा गावातल्या देवळासमोर मोकळ्या जागी उपकरण पंधरा मिनिटं चालू ठेवा, तिथे वेपॉइंट (म्हणजे त्या जागेचा खुणेचा बिंदू) मार्क करा आणि घरी येऊन तो बिंदू संगणकावर उपग्रहाच्या चित्रावर उघडा. देवळाच्या कळसापासून तो किती लांब आणि कोणत्या दिशेला पडला ते लिहून ठेवा. हेच दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. दोन्ही दिवस चूक तेवढीच आणि त्याच दिशेला असेल तर ती सेटिंगची चूक. एकदा इकडे, एकदा तिकडे असेल तर ती आकाशाची, म्हणजे सिग्नलची. आणि दोन्ही दिवस बिंदू देवळावरच पडला, तर उपकरण निर्दोष आहे. मग चूक तुम्ही त्याला दिलेल्या आकड्यात शोधायची.

चूक दहा किलोमीटरच्या पुढे असेल

ही जवळजवळ कधीच उपकरणाची नसते. अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या तीन पद्धती आहेत आणि आपण त्या एकमेकींत मिसळतो. कळसूबाईचं शिखर घ्या. अंश-मिनिटं-सेकंदात ते १९° ३६' ०४" उत्तर, ७३° ४२' ३३" पूर्व. अंश आणि दशांश मिनिटांत तेच १९° ३६.०६७', ७३° ४२.५५०'. आणि नुसत्या दशांश अंशात १९.६०११, ७३.७०९२. तिन्ही आकडे दिसायला वेगळे, पण दगड तोच.

आमच्यातल्या एकाला कुणीतरी वहीच्या पानावर लिहून दिलं होतं: १९.३६.०४, ७३.४२.३३. मधले ठिपके म्हणजे अंश, मिनिटं, सेकंद असं लिहिणाऱ्याच्या मनात होतं. यानं ते १९.३६०४, ७३.४२३३ असं दशांश अंश म्हणून भरलं. पठ्ठ्याने पायथ्याच्या बारी गावात पोहोचून उपकरण चालू केलं तर शिखर नैर्ऋत्येला चाळीस किलोमीटरवर! तो बिंदू पडतो घाटाखाली, ठाणे जिल्ह्यात, मुरबाड आणि शहापूरच्या मधल्या मुलखात. समोर डोंगर दिसत होता म्हणून हसून विषय संपला. धुक्यात, अनोळखी रानात हेच झालं असतं तर?

यावर उपाय असा. सेटअपमध्ये 'पोझिशन फॉरमॅट' नावाचा पर्याय असतो. आकडा ज्या पद्धतीने लिहिला आहे तीच पद्धत आधी तिथे निवडा, मग आकडा भरा. बऱ्याच हातातल्या उपकरणांत कारखान्यातून दशांश मिनिटांची पद्धत लावलेली येते, आणि मोबाइलवरून कुणी पाठवलेला आकडा बहुधा दशांश अंशांत असतो. गोंधळ इथेच होतो. भरून झालं की उपकरणाने दाखवलेलं अंतर बघा. पुण्याहून कळसूबाई किती लांब याचा ढोबळ अंदाज आपल्याला असतो, त्याच्याशी ते जुळलं पाहिजे. सह्याद्रीतल्या आपल्या किल्ल्यांचे अक्षांश साधारण १५ ते २१च्या मध्ये आणि रेखांश बहुतेक ७३-७४चे असतात. कुणी आकडे उलटे लिहून ७३ उत्तर, १९ पूर्व केलं, तर तो बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातो.

चूक काहीशे मीटरची असेल

हा प्रकार जास्त धोक्याचा, कारण तो पटकन लक्षात येत नाही. ४२.५५० मिनिटं हा आकडा कुणी ४२ मिनिटं ५५ सेकंद असा वाचला, तर बावीस सेकंदांचा फरक पडतो. कळसूबाईच्या अक्षांशावर रेखांशाचा एक सेकंद म्हणजे साधारण २९ मीटर. म्हणजे तुम्ही शिखरापासून सहाशे मीटरहून जास्त पूर्वेला गेलात. देशावरच्या माळावर सहाशे मीटर म्हणजे दहा मिनिटांची चाल. सह्याद्रीत तेवढ्यात सोंड बदलते, मध्ये घळ येते, आणि पलीकडची धार दिसत असूनही तिथे पोहोचायला अर्धा दिवस लागतो.

ओळखायची एक सोपी खूण: शेवटचा आकडा ६० किंवा त्याहून मोठा असेल तर तो सेकंद असूच शकत नाही, ते दशांश आहेत. ६०च्या आत असेल तर मात्र अंदाज बांधू नका, ज्याने आकडा दिला त्यालाच विचारा. मी आता ग्रुपमध्ये आकडे तोंडी घेतच नाही, जीपीएक्स फाइल (बिंदू आणि वाटा साठवणारी फाइल) मागते. फाइलमध्ये पद्धतीचा घोळ उरत नाही.

चूक दरवेळी शंभर मीटरच्या आसपास, त्याच दिशेला

तुम्ही भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीटवरून (चढउतार दाखवणाऱ्या छापील नकाशावरून) बिंदू काढले असतील तर कारण बहुतेक हेच. जुनी टोपोशीटं एव्हरेस्ट यांच्या १८३० सालच्या पृथ्वीच्या मापावर आखलेली आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या मापावर चालतो. त्यामुळे जमिनीवरच्या एकाच जागेला दोन नकाशांत किंचित वेगळे अक्षांश-रेखांश मिळतात. आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यात हा फरक साधारण शंभर-सव्वाशे मीटरचा भरतो. पाण्याचं टाकं शोधताना किंवा कड्याच्या काठावरची नाळेची तोंडं ओळखताना एवढा फरक पुरेसा आहे.

'मॅप डेटम' (आकडे पृथ्वीच्या कोणत्या मापावर धरायचे ते) हा पर्याय उघडा. तिथे डब्ल्यूजीएस ८४ असायला हवं. जुन्या टोपोशीटवरचे बिंदू भरायचे असतील तेवढ्यापुरता भारत-बांगलादेश-नेपाळसाठीचा इंडियन डेटम निवडा, बिंदू भरा, आणि लगेच परत डब्ल्यूजीएस ८४ वर या. हे परत यायचं राहून जातं आणि मग 'दरवेळी चुकतो' ही तक्रार सुरू होते. २००५च्या नकाशा धोरणानंतर निघालेल्या ओपन सिरीज नकाशांना ही अडचण नाही, ते डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत.

फक्त पहिला अर्धा तास चुकतो, मग सुधारतो

याची तक्रार सगळ्यात जास्त येते आणि यात बिघाड काहीच नसतो. उपग्रह आपली स्वतःची नेमकी जागा दर ३० सेकंदांनी पुन्हा पुन्हा सांगत असतो. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण ऐकायला मात्र साडेबारा मिनिटं लागतात. नेमकी माहिती साधारण चार तासांत शिळी होते. मोबाइलला हे सगळं नेटवर्कवरून आयतं मिळतं, म्हणून तो दोन सेकंदांत जागा दाखवतो. हातातल्या उपकरणाला ते आकाशातूनच ऐकावं लागतं, आणि मध्ये एखादी इमारत किंवा वडाची फांदी आली की ऐकणं तुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून.

आपण काय करतो? पावसाळा संपल्यावर चार महिने कपाटात पडलेलं उपकरण धावत्या जीपमध्ये चालू करतो, ते मांडीवर ठेवतो, आणि जीपमधून उतरताक्षणी वाट विचारतो. असं करू नका. पायथ्याच्या गावात रात्री मुक्कामाला पोहोचलात की शाळेच्या मैदानात किंवा देवळाच्या पटांगणात, छपरापासून लांब, पंधरा-वीस मिनिटं ते स्थिर ठेवा. सकाळी निघण्याआधी पुन्हा पाच मिनिटं. तुमचा चहा होईपर्यंत त्याचंही काम होतं.

याच्याशी जोडलेली आणखी एक बाब. जुन्या उपकरणावर तारीख एकोणीस-वीस वर्षं मागची दिसत असेल, तर तो बॅटरीचा दोष नाही. जीपीएस आठवडे मोजतो आणि त्याचा मूळ आकडा १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. एप्रिल २०१९ मध्ये तो असा फिरला. काही उपकरणांत हा फेरा त्यांच्या फर्मवेअरच्या (उपकरणातल्या मूळ प्रोग्रॅमच्या) तारखेपासून मोजलेला असल्यामुळे ती त्यानंतर कधीतरी चुकू लागतात. तारीख चुकली की उपग्रह कुठे असायला हवेत हेही त्याला चुकीचं कळतं आणि फिक्स, म्हणजे पक्की जागा, मिळायला फार वेळ लागतो. कंपनीचं नवं फर्मवेअर असेल तर ते भरा. नसेल तर अक्षांश-रेखांश बरोबर येतात का ते मोकळ्यावर तपासा, बऱ्याचदा येतात.

जागा बरोबर, पण बाण भलतीकडे

हरिश्चंद्रगडावर खिरेश्वरहून टोलार खिंड चढून वर आलं की लांबलचक पठार लागतं, टेकड्यांमागून टेकड्या. जुलैमध्ये तिथे दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. अशाच एका सकाळी आम्ही थांबलो होतो आणि ज्याच्या हातात जीपीएस होता तो जागेवर उभा राहून होकायंत्रासारखं गोल फिरत होता. तो फिरला की बाण फिरायचा, थांबला की बाण भलतीकडेच थांबायचा. पावसाचे थेंब काचेवर, सगळ्यांच्या नजरा त्या बाणावर, आणि हा घामाघूम. मी एवढंच म्हटलं, "शिट्टी ऐकू येईल इतक्या अंतरावर सरळ तीस पावलं चाल, मग बघ." तो चालू लागला आणि सातव्या-आठव्या पावलाला बाण, जिथे जायचं होतं त्या देवळाच्या दिशेने स्थिर झाला.

कारण साधं आहे. गार्मिन कंपनीच्या ईट्रेक्स २० किंवा २२एक्स सारख्या उपकरणांत चुंबकीय होकायंत्र नसतंच. ती तुमच्या चालण्यावरून दिशा काढतात, उभं राहिलं की त्यांना दिशा कळत नाही. ३२एक्स किंवा जीपीएसमॅप मालिकेतल्या बऱ्याच उपकरणांत होकायंत्र असतं, पण बॅटऱ्या बदलल्या की ते पुन्हा कॅलिब्रेट करावं, म्हणजे जुळवून घ्यावं लागतं. तेव्हा गाडीपासून आणि चुंबक असलेल्या मोबाइलच्या कव्हरपासून चार पावलं लांब जा आणि पडद्यावर सांगेल तसं उपकरण हळूहळू फिरवा. आपल्याकडचं मॉडेल कोणतं हे आधी माहीत असू द्या, वेळ आल्यावर शोधत बसू नका. साधं चुंबकीय होकायंत्र मी तरीही गळ्यात घालते.

बाणाबद्दल आणखी एक कळकळीची विनंती. 'डायरेक्ट' किंवा 'ऑफ रोड' असं लावलं असेल तर उपकरण तुमच्यापासून ठिकाणापर्यंत सरळ रेघ ओढतं. त्या रेघेला वाट समजू नका. बेलपाड्याहून कोकणकड्याचं हवाई अंतर बघितलं तर थोडकं वाटतं, नळीच्या वाटेने वर यायला मात्र अख्खा दिवस जातो, आणि रेघ तर सरळ कातळातून जाते. ट्रॅक (आधी कुणी चाललेल्या वाटेची नोंद) लोड केला असेल तर ट्रॅकवर चाला. नुसता वेपॉइंट असेल तर वाट गावकऱ्याला विचारा.

चूक तीस-चाळीस मीटरची आणि बिंदू उड्या मारतो

सांदण दरीत उतरा आणि ट्रॅक चालू ठेवा. घरी आल्यावर दिसेल की तुम्ही भिंतींच्या आरपार गेलात, पुन्हा आत आलात, आणि चाललेलं अंतर प्रत्यक्षापेक्षा बरंच जास्त आहे. अरुंद घळीत आकाशाची एक पट्टीच दिसते. वरचे दोन-तीन उपग्रह थेट ऐकू येतात, बाकीचे कड्यावर आपटून उशिरा पोहोचतात, आणि उशीर म्हणजे उपकरणाच्या हिशेबी जास्त अंतर. पडद्यावर लिहिलेली '५ मीटर' अचूकता अशा जागी फार खरी मानू नका.

इथे पूर्ण इलाज नाही, पण बरंच सावरता येतं. जीपीएसबरोबर ग्लोनास (रशियाची) किंवा गॅलिलिओ (युरोपची) ही उपग्रह यंत्रणा चालू करा, जास्त उपग्रह मिळतात. 'वास/इग्नॉस' असं सेटिंग असेल तर तेही चालू ठेवा. त्या नावाखाली आपल्याकडे भारताच्या गगन यंत्रणेची दुरुस्ती मिळते. गगनचे उपग्रह विषुववृत्तावर, म्हणजे आपल्या दक्षिणेच्या आकाशात असतात. दक्षिणेला कडा आला तर ती मदत तेवढा वेळ थांबते, ते साहजिक आहे. उपकरण कमरेच्या पट्ट्याला लावू नका, अर्धं आकाश तुमचं अंगच झाकतं. सॅकच्या वरच्या कप्प्यात किंवा खांद्याच्या पट्ट्यावर लावा. आणि घळीत शिरण्याआधी, मोकळ्यावर, 'वेपॉइंट अ‍ॅव्हरेजिंग' (एकाच जागेच्या अनेक मापांची सरासरी) करून तोंडाशी एक बिंदू पक्का करा. परतीला तोच लागतो. भीमाशंकरच्या दाट रानात, पानं ओली असताना, हेच सगळं लागू पडतं.

गाडीत येणाऱ्या अडचणी

ट्रेकला जाताना वापरलेलं उपकरण गाडीत 'लॉक ऑन रोड' वर असतं, म्हणजे तुमचा बिंदू जवळच्या रस्त्याला चिकटवून दाखवतं. गाडीत हे सोयीचं, डोंगरात धोक्याचं. उतरलात की बंद करा. उलट गाडीसाठी रस्ता काढताना 'कमी अंतर' ऐवजी 'कमी वेळ' लावा आणि कच्चे रस्ते टाळायला सांगा. नाहीतर ते तुम्हाला दोन किलोमीटर वाचवण्यासाठी ढोरवाटेवर घालतं.

नकाशा जुना असेल तर काय होतं याचा नमुना मुंबईतच बघायला मिळतो. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, आणि त्याआधीचा नकाशा असलेलं उपकरण त्यावर गाडी खाडीच्या पाण्यातून चाललेली दाखवतं आणि 'जमेल तिथे वळा' म्हणत राहतं. समृद्धी महामार्गाचंही तसंच. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये उघडला, शेवटचा इगतपुरी ते आमणे हा तुकडा जून २०२५ मध्ये. तुमचा नकाशा यातल्या कोणत्या तारखेचा आहे ते बघा. अमेरिकेहून भावाने किंवा भाच्याने आणलेल्या उपकरणात तर भारताचा तपशीलवार नकाशा नसतोच, पडद्यावर दोन-चार मोठे रस्ते आणि बाकी कोरं. त्यात ओपनस्ट्रीटमॅपचा भारताचा नकाशा मेमरी कार्डवर टाकता येतो. तिकडून मागवताना एक मात्र बघा: उपग्रहावरून संदेश पाठवणारी इनरीचसारखी उपकरणं भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे. गोव्याच्या विमानतळावर ती सापडल्यामुळे लोकांवर गुन्हे दाखल झाले आहेत.

नकाशा नवा असला तरी त्याला धरणाचं पाणी कळत नाही. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेल्यांची गाडी रात्रीच्या अंधारात, नकाशाने दाखवलेल्या पण पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावरून, अकोले तालुक्यात पिंपळगाव खांडच्या धरणात गेली. चालकाचा जीव गेला. रात्री, धरणाच्या फुगवट्याजवळच्या रस्त्यावर, समोर कुणाच्या गाडीचे दिवे दिसत नसतील तर थांबा आणि गावात विचारा.

बाहेर चांगला चालणारा जीपीएस फक्त गाडीत सिग्नल सोडत असेल तर आधी डॅशकॅम आणि सिगारेट लायटरमधले स्वस्त चार्जर एकेक करून काढा. त्यांच्यातून निघणारा रेडिओचा गोंगाट जीपीएसचा अगदी क्षीण सिग्नल बुडवतो. काचेवर धातूचा अंश असलेली उन्हाची फिल्म असेल तर उपकरण फिल्म नसलेल्या कोपऱ्यात सरकवा. आणि चार्जरला लावताच पडद्यावर संगणकाचं चित्र येऊन रस्ता गायब होत असेल तर केबल चुकीची आहे. डेटा केबल लावली की ते स्वतःला संगणकाला जोडलेलं समजतं. गाडीसाठीची मूळ केबल वापरा.

बॅटरी आणि अचानक बंद पडणं

रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे, साधे अल्कलाइन १.५चे. सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार चुकीचा असेल तर भरलेले सेल रिकामे दाखवतात. बाइकच्या हँडलवर लावलेलं उपकरण खड्ड्यात बंद पडतं, कारण सेल क्षणभर स्प्रिंगवरून सुटतात. सेलच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पातळ पट्टी घातली की ते हलत नाहीत. पावसाळ्यानंतर पत्र्यावर हिरवट थर येतो, तो पेन्सिलच्या खोडरबराने घासून काढा.

एवढं सगळं करूनही भागलं नाही तर मास्टर रीसेट करा, पण आधी संगणकाला लावून जीपीएक्स फोल्डरची प्रत काढून ठेवा, कारण रीसेटमध्ये वर्षांचे वेपॉइंट पुसले जातात. नंतर मित्राचं चांगलं चालणारं उपकरण शेजारी ठेवून दोन्ही मोकळ्या मैदानात वीस मिनिटं चालू ठेवा आणि उपग्रहांचं पान बघा. त्याला दहा-बारा उपग्रह ठळक दिसत असताना तुमच्याला तीन-चारच फिकट दिसले, तर अँटेना गेली आहे. आता सर्व्हिस सेंटरला न्या, आणि दोन्ही पडद्यांचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो बरोबर ठेवा.